सर्वपित्रीची रांग

मेलेल्या माणसांची रांग लागली होती आणि ती हर्षाली थळेला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दिसली.

उघाडीशेजारच्या पत्र्याच्या कचेरीत ती नुकतीच येऊन बसली होती. उघाडी म्हणजे वाकणखारच्या शेतांतलं पाणी खाडीत सोडायचं दार. काल संध्याकाळपासून वाऱ्याने संपर्क तुटला होता, तो आत्ता कुठे आला होता. तोही इतका बारीक की त्यातून चित्र जाईना की आवाज. अक्षरं तेवढी जात. तिने काळ्या पडद्यावर 'रांग' हा एकच शब्द टाइप करून एंटर दाबलं. पडदा वरपासून खालपर्यंत भरला.

बारकू, संपलं. सोनूबाई, संपलं. पोशा, चालू. कान्हू, थांबलेलं. भिकी, थांबलेलं. लडकू, थांबलेलं. अशी एकेचाळीस नावं, आणि त्यातलं एकही माणूस हयात नव्हतं. सगळ्यांच्या खाली काल संध्याकाळी सहा वाजता तिने स्वतः घातलेलं काम होतं: 'अख्खाबांध, थांबलेलं. कारण: जागा नाही.'

"जागा नाही? कालपासून?" ती एकटीच ओरडली. मग तिने नावं पुन्हा वाचली आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आज सर्वपित्री अमावस्या. अख्ख्या गावाने आपापल्या पितरांच्या नावाने कामं घातली होती.

वाकणखारचा बांध चार किलोमीटर लांब. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला सहाशे एकर खारं भात, या दिवसांत कणसाला आलेलं. बांधाचे एकेचाळीस वाटे आहेत. ज्या पूर्वजाने जो तुकडा घातला, त्याचं नाव त्या वाट्याला, आणि राखण त्याच्या वंशाकडे. हर्षालीच्या लहानपणापासून आजवर समुद्र वीतभर वर आला होता आणि खेकड्यांनी बांध पोखरायचं काही सोडलं नव्हतं. बांध फुटला, इथल्या भाषेत खांड गेली, की खारं पाणी आत शिरतं आणि मग तीन वर्षं त्या शेतात भाताची काडी उगवत नाही.

सहा वर्षांपूर्वी सरकारने या बांधात दर चार पावलांवर एक काडी रोवली. काडी मातीच्या आतल्या पाण्याचा दाब सांगते. पण नुसती नाडी हातात धरून आजार कळत नाही, वैद्य लागतो. इथला वैद्य म्हणजे मोठा संगणक. तो बांधाचे लक्षावधी चौकोन पाडतो. या चौकोनातून त्या चौकोनात पाणी किती सरकेल, माती कुठे सुटेल, कुठलं बीळ कुठल्या बिळाला जाऊन मिळेल, हे क्षणाक्षणाने सोडवत जातो आणि शेवटी सांगतो की येत्या उधाणाला बांध अमुक ठिकाणी जाईल. असा संगणक गावात ठेवणं शक्य नव्हतं. तो लेहजवळच्या डोंगरात, थंड हवेत होता आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला त्यात चार जागा वाटून दिल्या होत्या. चार चुली समजा. एका वाट्याचं काम एका चुलीवर होतं. अख्ख्या बांधाचं काम म्हणजे लग्नाचं पातेलं, त्याला चारही चुली एकाच वेळी रिकाम्या लागतात. आणि इथे एक चूल मोकळी झाली रे झाली की पुढचा पूर्वज आपलं भांडं चढवत होता.

भांडंही साधं नाही. कामाची चाळण जाड, मध्यम की बारीक, हे घालणाऱ्याने निवडायचं असतं. मध्यम चाळणीवर एक वाटा सात मिनिटांत होतो, बारीक चाळणीवर तीन तास लागतात. सगळ्यांनी बारीकच निवडली होती. पितरांना जाडंभरडं कोण वाढतं?

दोष कोणाचा म्हणाल तर खुद्द हर्षालीचा. फेब्रुवारीत पुण्याची नोकरी सोडून ती गावची बांधगणक, म्हणजे बांधाचे आकडे सांभाळणारी, झाली, तेव्हा घरोघर जाऊन तिने लोकांना फोनवरून काम घालायला शिकवलं, रांग बघायला शिकवलं. रद्द करायला मात्र शिकवलं नाही. उगाच कोणाचं बोट लागायचं आणि काहीतरी पुसलं जायचं! गाव तिला रांगवाली म्हणायचं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

आजचं उधाण वर्षातलं सगळ्यात मोठं होतं, बारा बावन्नचं. गावात चिखलाला हात लावतील अशी नव्वद माणसं. एवढ्या माणसांनी एकच जागा पक्की करता येते, आणि त्यालाही दीड तास लागतो. म्हणजे अकराच्या आत ती जागा कळायला हवी. अख्ख्या बांधाचं काम मध्यम चाळणीवर सव्वा तासाचं. म्हणजे पावणेदहाच्या आत चारही चुली मोकळ्या व्हायला हव्यात. वेळ होता, पण गप्पा मारण्याइतका नव्हता.

तिने आधी लेहच्या केंद्राला लिहिलं. तिथे पाळीवर स्टान्झिन नावाचा भला माणूस होता. त्याचं उत्तर तिसऱ्या मिनिटाला आलं. 'तुमची एकेचाळीस कामं मी एका झटक्यात काढली असती. पण तुमच्या गावाने ठराव पाठवलाय. ज्याचं काम, त्याच्याच अंगठ्याने रद्द होईल. केंद्रालाही अधिकार नाही. ठरावाचा मसुदा तुमच्याच सहीचा आहे.'

खाली त्याने एक हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. ते पोचलं नाही, नुसता चौकोन आला.

हर्षालीने कपाळावर हात मारला. गेल्या सर्वपित्रीला खांड गेली होती, तेव्हापासून गावात कोणाचा कोणावर भरवसा उरला नव्हता. दुसरा कोणी आपले आकडे पुसेल, आपलं काम मारेल, या भीतीने यंदाच्या उन्हाळ्यात सभा पेटली होती. ती विझवायला तिनेच तो ठराव लिहिला होता. आपल्याच हाताने कुलूप लावून किल्ली एकेचाळीस घरांत वाटली होती.

ती उठली. कचेरीच्या दारात टांगलेली पितळी थाळी तिने काढली आणि बांधावर उभी राहून बडवायला लागली. ही थाळी वाजली की घरटी एक माणूस यायलाच हवं, हातातलं काम टाकून. पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. पण सर्वपित्रीच्या सकाळी, घराघरात वडे तळले जात असताना, ती आजवर कोणी वाजवली नव्हती.

लोक आले. बायकांच्या हाताला पीठ, पुरुषांच्या खांद्यावर ओले पंचे, आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. सर्वांत पुढे बांधपंचायतीचे प्रमुख हिराजीनाना घरत, वय अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत चालणारे.

"हर्षाले, आजच्या दिवशी थाळी?" नाना म्हणाले. "पानी आलं का?"

"येणार आहे नाना. पण कुठून येणार ते कळत नाहीये, कारण आपणच ते कळू देत नाही आहोत."

तिने चार चुलींची गोष्ट सांगितली. लोकांना ती लगेच समजली. समजली, पण पटली नाही, आणि या दोहोंत फार अंतर असतं.

"माझ्या सासऱ्याच्या पानाला अजून कावला शिवला नाय," यमुनाकाकी ठाकूर म्हणाली, "नि तू मना त्याच्या नावावर काट मारायला सांगतं?"

"नावावर नाही काकी, कामावर."

"नावानंच घातलंय ना?"

मागून सुरेश म्हात्रे म्हणाला, "आमच्या बारकूचं तं रातीच झालं. सुरक्षित म्हनून आलंय. ज्याचं त्यानं बघावं."

हर्षाली त्याच्याकडे वळली. "सुरेशदादा, तुमच्या कामाला शेजारचे आकडे कुठे दिलेत? नाही दिले की ते धरून चालतं की तुमच्या वाट्याच्या दोन्ही टोकांना दगडी भिंत आहे. आहे का भिंत?"

"भिंत कसली? शेजारी सोनूबाईचा वाटा हाय."

"मग तुमचं सुरक्षित आहे ते त्या नसलेल्या भिंतीच्या भरवशावर. काकी, तुमच्या सासऱ्यांनी बांध घातला तो आपल्याच वाट्यापुरतं पाणी अडवायला का? शेजारून खांड गेली तर तुमचं भात पाणी विचारून आत येईल? मला नऊपर्यंत सगळे अंगठे हवेत. ज्याला द्यायचा नाही त्याने इथेच, सगळ्यांसमोर सांगावं."

 वारा नुसता भणाणत होता. मग नानांनी खिशातून फोन काढला. "पोशा माजा आजा," ते म्हणाले. "काय दाबायचं सांग."

तिने शब्द सांगितला. नानांनी तो एकेक अक्षर शोधत टाइप केला, अंगठा टेकवला आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "आज्या, रागावू नको. जिता होतास तवा रांगेत कवा थांबला नायस. आता थांब."

लोक हसले, आणि एकदा हसले म्हणजे निम्मं काम झालं. यमुनाकाकीने पदराने डोळे पुसत सासऱ्याचं नाव रद्द केलं. त्यामागे लडकू, कान्हू, भिकी. हर्षाली दर पाच मिनिटांनी 'रांग' बघत होती आणि यादी आखडत चालली होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी संपलेली आणि रद्द झालेली सोडून दोनच ओळी उरल्या. एक तिची, अजून थांबलेली. दुसरी होती: 'धर्मा, चालू. झालेला वेळ: दोन दिवस एकोणीस तास. शिल्लक: पाच तास.'

धर्मा म्हणजे तिचे वडील.

सकाळी ते नाव तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आईने घातलं असेल, सगळ्यांनी घातलं तसं, एवढाच विचार तिने केला होता. वेळ बघितला नव्हता. थळ्यांच्या वाट्याचं नाव गोमा होतं, धर्मा नव्हतं. आणि एका वाट्याचं काम, कितीही बारीक चाळणीचं असलं, तरी तीन दिवस चालत नाही.

ती नानांकडे बघायला गेली तर नाना जमिनीकडे बघत होते. बाकी कोणीही तिच्या नजरेला नजर देईना. थाळी वाजूनही एक घर आलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं.

घरी तिची आई, चांगुणाबाई, चुलीपुढे होत्या. वडे कढईत, खीर उतरवलेली, आणि पाट्यावरवंट्याला टेकून ठेवलेला फोन. त्यावर काळा पडदा, पडद्यावर एकच ओळ. वड्यांचा एक घाणा झाला की त्या बोटाचं पीठ पुसून पुन्हा 'रांग' करत होत्या.

"आये, हे आजचं काम नाही," हर्षाली दारातूनच म्हणाली.

"नाय."

"गेल्या वर्षीच्या खांडीचं आहे. तू मागे जाऊन शोधायला लावलंयस, म्हणून इतके दिवस."

"तुजंच बघून शिकले." चांगुणाबाईंनी वडा उलटला. "आपल्या घरचे जुने आकडे आपल्याच अंगठ्यानं उघडतात, असं तूच सांगत होतीस ना सगळ्यांना? मी उघडले. मना बघायचंय, तुज्या बापाच्या वाट्यातून खांड गेली का नाय."

गेल्या वर्षी खांड गेली ती गोमा आणि पोशा या दोन वाट्यांच्या शिवेवर, म्हणजे थळे आणि घरत यांच्या मध्ये. अकरा घरांची शेतं खारी झाली. सभेत हिराजीनाना उभे राहून म्हणाले, धर्माने बिळं बुजवली नाहीत. प्रमुखाचा शब्द, तो कोण खोडणार? धर्मा थळे उठून म्हणाले, बुजवली. त्यांचं कोणी ऐकलं नाही. पुढे तीन महिन्यांत ते गेले. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. हर्षाली तेव्हा पुण्यात होती, फोनवर 'मनाला लावून घेऊ नका बाबा' म्हणत होती. ते आठवलं की आजही तिला स्वतःची लाज वाटे.

"पाच तास उरलेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "दोन वाजता कळंल."

"पाणी बारा बावन्नला येतंय."

"मंग हे थांबवून ठेव. पानी गेलं की पुढं चालव."

"तसं करता आलं असतं, घालताना मधूनमधून कुठवर आलं त्याची खूण ठेवायला सांगितली असतीस तर. नाही सांगितलीस. मीच शिकवलं नाही." हर्षाली आईशेजारी जमिनीवर बसली. "रद्द केलं तर गेलं. तीन दिवस गेले."

"नि नाय केलं तं?"

"तर अख्खा बांध चालणार नाही. मग नव्वद माणसं डोळे झाकून कुठेतरी माती टाकतील."

चांगुणाबाईंनी झारा खाली ठेवला. "त्यांनी त्याला मारला, हर्षू. हाताला रक्त न लावता. त्यांची शेतं वाचवायला मी त्याचं नाव खोडू?"

"हो." हर्षालीने आवाज मऊ केला नाही, आज तिला ते जमणारही नव्हतं. "गोड बोलून सांगत नाही. त्यांचीच शेतं. नानांचंही शेत. मला हे उत्तर हवंय आये, तुझ्याइतकंच हवंय. मी इथे नव्हते, तू निदान होतीस. पण बाबा म्हणाले, बिळं बुजवली. त्यांचं खरं मानायला तुला लेहचा संगणक लागतो?"

"मना नाय लागत. गावाला लागतो."

"मग गाव उभं तरी राहू दे."

बाहेर कावळे कलकलत होते. कढईतला वडा तांबूस होऊन काळपट व्हायला लागला तरी दोघींपैकी कोणी हलली नाही. शेवटी चांगुणाबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन मांडीवर घेतला.

"काय लिहायचं?"

"रद्द. मग जागा सोडून नाव."

त्यांनी लिहिलं. अंगठा टेकवला. पडद्यावर प्रश्न आला: 'खात्री आहे? हो किंवा नाही.'

"यंत्र इचारतंय तरी," चांगुणाबाई म्हणाल्या. "सभेनं तेवढं पन इचारलं नव्हतं."

आणि त्यांनी 'हो' लिहिलं. ओळ बदलली: 'धर्मा, रद्द.' त्या ओळीकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग फोन उपडा ठेवून म्हणाल्या, "वडा करपला. तू जा, तुजं काम बघ."

नऊ वाजून अडतीस मिनिटांनी 'अख्खाबांध, चालू' झालं.

पुढचा सव्वा तास हर्षालीला कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. काम चालू आहे एवढंच 'रांग' सांगते. आत काय सापडतंय ते सांगत नाही, आणि दहादा विचारलं म्हणून ते लवकर होत नाही. हे ती लोकांना सहा महिने शिकवत आली होती आणि आता स्वतः दर मिनिटाला विचारत होती. बाहेर माणसं पोती भरत होती, पेंढ्याच्या पेंड्या वळत होती. सवयीने जो तो आपापल्या वाट्याकडे निघाला होता. नानांनी काठी आडवी धरून सगळ्यांना उघाडीपाशी अडवून ठेवलं.

दहा त्रेपन्नला अक्षरं आली. ती तिने दारात उभं राहून मोठ्याने वाचली. "सर्वांत कमकुवत जागा, बारकू आणि सोनूबाई यांच्या सांध्यावर. उंची पाण्याच्या रेषेखाली दोन हात. आतून माती सुटायला सुरुवात."

"खोटं हाय," सुरेश म्हात्रे म्हणाला. "आमचं सुरक्षित आलंय! सोनूबाईचं पन आलंय."

"दोघांचंही आलंय," हर्षाली म्हणाली. "आणि दोघंही खरे आहात. तुम्ही तुमच्या बाजूने शिवेच्या दगडापर्यंत बिळं बुजवलीत, त्यांनी त्यांच्या बाजूने. दगडाखालचं बीळ कोणाचं?"

 मग सगळ्यात आधी पोतं उचलून पळाला तो सुरेशच.

शिवेचा दगड उपटून काढला तेव्हा खाली मनगट जाईल एवढं बीळ निघालं. ते पुढे दुसऱ्याला मिळालं होतं आणि दुसरं तिसऱ्याला. कुदळी चालल्या. माणसांची साखळी लागली, हातातून हातात चिखलाच्या ढेपा सरकू लागल्या. साडेअकराच्या सुमारास हर्षालीने मान वर केली तर साखळीत चांगुणाबाई उभ्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. त्यांच्या पुढे नाना होते. वर्षभर न बोललेली ती दोन माणसं एकमेकांच्या हातात ढेपा देत होती.

साडेबाराला खाडी बांधाला भिडली. पाणी वर चढत आलं, माथ्यापासून हात, मग वीत. वारा लाटा आपटत होता. हर्षाली बांधाच्या आतल्या बाजूला, नव्या मातीच्या पायथ्याशी ओणवी बसली. तिथे पाणी झिरपत होतंच, थोडं झिरपणारच. झिरपणारं पाणी नितळ असलं तर भिऊ नये, गढूळ झालं की बांध आतून जातोय असं समजावं. तिने ओंजळ धरली. पाणी तांबडं होतं, चहासारखं.

"गढूळ आहे!" ती ओरडली. "दाबा, अजून दाबा, पायांनी तुडवा!"

वीस माणसं माथ्यावर चढून ताल धरल्यासारखी तुडवू लागली. पोती पडली, त्यावर पेंढा, त्यावर चिखल. बारा बावन्न झाले. एक वाजला. तिने किती ओंजळी भरल्या आणि सांडल्या याचा हिशेब नाही. दर ओंजळीला ती तळहाताच्या रेषा दिसतात का बघत होती आणि रेषा दिसत नव्हत्या.

एक वाजून वीस मिनिटांनी त्या दिसल्या. आधी पुसट, मग स्वच्छ. खाडीचं पाणी माथ्यापासून वीतभर खाली थबकलं होतं, आणि मग ते मागे सरायला लागलं. हर्षाली तिथेच चिखलात बसली आणि मोठमोठ्याने रडली. कोणी तिला उठवलं नाही, कारण बाकीच्यांचंही तेच चाललं होतं.

तीन वाजता नाना थळ्यांच्या दारात आले. पाय धुतलेले, सदरा बदललेला.

"चांगुने, घरात येऊ का?"

चांगुणाबाईंनी पाट दिला, पण त्या स्वतः उभ्या राहिल्या. नाना पाटावर बसले आणि हर्षालीकडे वळले. "तुज्या आयनं घातलेलं काम, त्यात आकडे कोनाचे व्हते?"

"आमच्याच वाट्याचे. दुसऱ्या घरचे जुने आकडे त्यांच्या अंगठ्याशिवाय उघडत नाहीत."

"म्हंजे गोमाच्या टोकाला त्यानं दगडी भिंत धरली असनार."

"हो." हे तिच्या सकाळीच लक्षात आलं होतं, पण आईला सांगायचा धीर झाला नव्हता. "दोन वाजता उत्तर आलं असतं नाना, पण ते खरं नसतं."

"भिंत नव्हती तिथं," नाना म्हणाले. "मी व्हतो."

त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"गेल्या साली माज्या टोकाची बिळं मी बुजवली का नाय, मना आठवत नाय. देवाशपथ आठवत नाय. गुडघा दुखत व्हता, पोरगा मुंबयला. बुजवली असतील, असं धरून चाललो. नि सभेत छातीठोक बोललो." नानांनी फोन काढून हर्षालीपुढे ठेवला. "माजे आकडे उघड. दोन्ही वाट्यांचं एकच काम घाल."

चांगुणाबाई पहिल्यांदा बोलल्या. "दोष तुमच्याकडं आला तं?"

"तं सभेत उभा राहून मीच वाचीन. त्याच जागी, जिथं त्याला खाली बसवला."

"नि त्याच्याकडं आला तं?"

हा प्रश्न नानांना नव्हता, हर्षालीच्या लक्षात आलं. आई तो स्वतःलाच विचारत होती. तिने उत्तराची वाटही बघितली नाही. "आला तं येऊ दे," चांगुणाबाई म्हणाल्या. "मोजून तरी येईल. तोंडातून नको."

अंगठे उमटले. हर्षालीने दोन्ही वाट्यांचे आकडे जोडले, बारीक चाळण निवडली, आणि या खेपेला मधूनमधून खूण ठेवायला सांगितलं. मग फोन आईकडे दिला. कामाचं नाव आईनेच घालायचं होतं. चांगुणाबाईंनी 'धर्मा' लिहिलं.

"माजं पन लाव," नाना म्हणाले.

"या रांगेत जित्या मानसाचं नाव नाय घालत, नाना. अपशकुन व्हतो."

"व्हऊ दे. काम दोघांचं हाय. एकट्याच्या नावानं घातलंस तं गाव परत त्यालाच बघत बसंल."

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं, वर्षभर जसं बघायचं राहिलं होतं तसं. मग मान खाली घालून एकेक अक्षर शोधत त्यांनी दुसरं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं.

"रांग कशी बघतात?" नानांनी विचारलं.

हर्षालीने सांगितलं. नानांनी एका बोटाने तो शब्द लिहिला. पडद्यावर एकच ओळ आली: 'धर्मा-हिराजी, चालू. शिल्लक: सहा दिवस.' ती त्यांनी ओठ हलवत दोनदा वाचली आणि काठी नसलेला हात जमिनीला टेकून हळूहळू उठले.

"उद्या सकाळी येतो बघायला," ते म्हणाले.

"सातला या," चांगुणाबाई म्हणाल्या. "मी उठलेली असते."